गट क्रमांक ११२ चा ११२.० झाला: जावात जेसन अ‍ॅरेची स्ट्रिंग लिस्ट करताना

शिवारातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बीएस्सी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावच्या विकास सोसायटीसाठी एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय. सभासदाचं नाव टाकलं की त्याच्या नावावरचे गट क्रमांक दिसले पाहिजेत, एवढंच काम. पीक कर्जाच्या हंगामात सचिवांना दप्तरं उलटत बसावं लागतं, तो त्रास वाचावा म्हणून.

सर्व्हरकडून एका सभासदाचं उत्तर जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकूर म्हणून पाठवायच्या ठराविक रूपात, असं येतं. (फोनवरून लिहितोय, त्यामुळे सगळं देवनागरीत आहे. प्रत्यक्षात आकडे आणि क्लासची नावं इंग्रजीतच आहेत.)

["११२/अ", ४५, "४५/२", नल, ११२]

मला याची लिस्ट<स्ट्रिंग> हवी आहे. म्हणजे प्रत्येक घटक मजकूर (स्ट्रिंग) असलेली यादी. (नल म्हणजे त्या जागी काहीच नाही.) त्यासाठी जेसन वाचणारी गूगलची जीसन लायब्ररी घेतली आणि असं लिहिलं:

लिस्ट<स्ट्रिंग> गट = जीसन.फ्रॉमजेसन(मजकूर, लिस्ट.क्लास);

कंपायलरने पिवळी वॉर्निंग दिली, एरर नाही. लॉगमध्ये लिस्ट छापली तर [११२/अ, ४५.०, ४५/२, नल, ११२.०] अशी छापली गेली. आणि पुढे फॉर लूपमध्ये अ‍ॅप बंद पडलं. क्लासकास्टएक्सेप्शन, डबल टू स्ट्रिंग, म्हणजे डबलला (दशांश आकड्याला) स्ट्रिंग मानता येत नाही. मी तर डबल हा शब्द कुठेच लिहिलेला नाही. छापताना चालतं आणि लूपमध्ये पडतं, हे कसं?

याच्या आधी मी चौकटी कंस काढून स्वल्पविरामावर स्प्लिट केलं होतं. दोन दिवस नीट चाललं. मग एका नोंदीत "११२/अ, पोटहिस्सा २" आलं आणि एका गटाचे दोन गट झाले. म्हणून तो मार्ग सोडला.

जुनी_चावडी

स्प्लिट सोडलंस ते फार बरं केलंस. स्वल्पविराम हा त्यातला एकच धोका. स्ट्रिंगच्या आत अवतरणचिन्ह आलं, बॅकस्लॅश आला, किंवा सर्व्हरने देवनागरी अक्षरं बॅकस्लॅश-यू आणि चार आकडे अशा रूपात पाठवली, तर स्प्लिट केलेल्या तुकड्यात तो सगळा कचरा जसाच्या तसा राहतो. पार्सर ते उलगडून अक्षर हातात देतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे. जावात जेनेरिक्स, म्हणजे कोनी कंसात घटकांचा प्रकार सांगायची सोय, आले ते २००४ मध्ये, जावा ५ बरोबर. आधीचा कोड मोडू नये म्हणून ती माहिती फक्त कंपायलरपुरती ठेवली. प्रोग्रॅम चालू असताना लिस्ट<स्ट्रिंग> आणि नुसती लिस्ट यांत काही फरक उरत नाही. तू लिस्ट.क्लास दिलास, म्हणजे जीसनला फक्त "लिस्ट हवी" एवढंच कळलं. आत काय हवं ते कळलंच नाही. मग त्याने त्याच्या नियमाने प्रत्येक आकडा डबल केला. ४५ चा ४५.० तिथे झाला.

छापताना चाललं, कारण छापायला कुठलाही ऑब्जेक्ट चालतो. लूपमध्ये मात्र "फॉर (स्ट्रिंग ग : गट)" लिहिल्यावर कंपायलर प्रत्येक फेरीत स्ट्रिंगचं कास्ट (ही स्ट्रिंगच आहे ना, अशी तपासणी) गुपचूप घालतो. पहिला घटक "११२/अ" पार होतो, दुसऱ्याला डबल सापडतो आणि तिथे पडतो. पिवळी वॉर्निंग याचीच होती. अनचेक्ड अशी वॉर्निंग दिसली की थांबून ती वाच. ती दाबून टाकायची नसते.

उपाय टाइपटोकनचा:

टाइप प्रकार = न्यू टाइपटोकन<लिस्ट<स्ट्रिंग>>(){}.गेटटाइप();
लिस्ट<स्ट्रिंग> गट = जीसन.फ्रॉमजेसन(मजकूर, प्रकार);

त्यातले रिकामे महिरपी कंस विसरू नकोस, सगळं त्यांच्यावर चालतं. त्या कंसांमुळे टाइपटोकनचा एक बिननावाचा उपवर्ग तयार होतो. उपवर्ग कुठल्या पालकापासून निघाला, त्या पालकाच्या कोनी कंसात काय होतं, ही नोंद क्लास फाइलमध्ये टिकते. चालू प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. जीसन तीच वाचतो.

असं केल्यावर ४५ चं "४५" होईल, ११२ चं "११२", आणि नल नलच राहील.

बॅकएंडवाली

चावडीदादांनी सांगितलं ते बरोबर. मी फक्त एक सोपी वाट जोडते. लिस्टच्या ऐवजी आधी अ‍ॅरे मागा. स्ट्रिंग[].क्लास दिलं की टाइपटोकन लागतच नाही, कारण जावात अ‍ॅरेला आपल्या घटकांचा प्रकार चालू प्रोग्रॅममध्येही माहीत असतो. मग अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्टने लिस्ट करा. मात्र त्या लिस्टमध्ये नवा घटक घालायला गेलात तर अनसपोर्टेडऑपरेशन येतं, तिची लांबी ठरलेली असते. म्हणून ती न्यू अ‍ॅरेलिस्टमध्ये गुंडाळून घ्या.

अँड्रॉइडवर याचा आणखी एक फायदा आहे. रिलीझ बिल्डमध्ये आर-८ हे साधन कोड बारीक करताना जेनेरिक्सच्या त्या नोंदी काढून टाकू शकतो. मग डीबगमध्ये चालणारं टाइपटोकन रिलीझमध्ये (जुन्या जीसनमध्ये "मिसिंग टाइप पॅरामीटर" म्हणून) कोसळतं. अ‍ॅरेच्या वाटेत हा प्रश्न येत नाही.

सर्व्हरच्या बाजूला आम्ही जॅक्सन वापरतो, स्प्रिंग बूटबरोबर तेच येतं. तिथे टाइपटोकनच्या जागी टाइपरेफरन्स, बाकी युक्ती तीच, महिरपी कंसही तेच. ऑब्जेक्टमॅपर (जॅक्सनचा जेसन वाचणारा मुख्य ऑब्जेक्ट) मात्र एकदाच बनवून ठेवा. प्रत्येक विनंतीला नवा बनवलेला मी पाहिलाय, आणि तो काही हलका ऑब्जेक्ट नाही.

नवशिक्या२

मध्येच विचारतो. लायब्ररी कशाला? अँड्रॉइडमध्ये जेसनअ‍ॅरे आधीपासून आहेच ना? गेटस्ट्रिंग(आय) करून लूप फिरवला की झालं.

पाटावरचा_पोळपाट

झालं, पण नलकडे बघा. हे मी स्वतः भोगलंय.

एका शाळेच्या निकालपत्रकाचं काम होतं. मुलांची पूर्ण नावं जेसन अ‍ॅरेत यायची: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. एका मुलीचं मधलं नाव नोंदलेलं नव्हतं, तिथे नल होतं. मी गेटस्ट्रिंगने लिस्ट केली आणि निकालपत्रकं छापायला दिली. त्या मुलीच्या नावात मधोमध इंग्रजीत "नल" असा चार अक्षरी शब्द छापला गेला. तिच्या आईने तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, हे काय लिहिलंय? वडील नसलेली मुलगी होती ती. त्या दिवसापासून नलचं काय करायचं हे ठरवल्याशिवाय मी लूप लिहायला घेत नाही.

कारण असं आहे. अँड्रॉइडच्या जेसनअ‍ॅरेत जेसनमधला नल हा जावाचा नल नसतो. तो जेसनऑब्जेक्ट.नल नावाचा वेगळा ऑब्जेक्ट असतो, आणि त्याची स्ट्रिंग केली की "नल" असा मजकूर मिळतो. गेटस्ट्रिंगही तेच देतं, ऑप्टस्ट्रिंगही तेच देतं. त्यामुळे "जर ग == नल" ही तपासणी तिथे कधीच लागू पडत नाही. आधी इजनल(आय) विचारायचं:

लिस्ट<स्ट्रिंग> गट = न्यू अ‍ॅरेलिस्ट<>();
फॉर (इंट आय = ०; आय < अ‍ॅरे.लेंग्थ(); आय++) {
  इफ (!अ‍ॅरे.इजनल(आय)) गट.अ‍ॅड(अ‍ॅरे.गेटस्ट्रिंग(आय));
}

जुनी_चावडी

पोळपाटराव, वाचून गलबललं. यात आणखी एक खाच आहे, ती टेस्ट लिहिणाऱ्यांना लागते.

अँड्रॉइड स्टुडिओत साधी युनिट टेस्ट लिहिली की जेसनअ‍ॅरेची खरी अंमलबजावणी तिथे नसते, "मेथड नॉट मॉक्ड" असा एरर येतो. मग सगळे जण ऑर्ग.जेसन या मूळ लायब्ररीची जार फाइल टेस्टपुरती जोडतात. पॅकेजचं नाव एक, क्लासचं नाव एक, मेथडचं नाव एक. वागणं मात्र वेगळं. मूळ जारमध्ये ४५ या आकड्यावर गेटस्ट्रिंग केलं तर "ही स्ट्रिंग नाही" म्हणून एक्सेप्शन येतं. फोनवर मुकाट्याने "४५" मिळतं. नलवर ऑप्टस्ट्रिंग केलं तर जारमध्ये रिकामी स्ट्रिंग, फोनवर "नल" हा शब्द. म्हणजे टेस्ट हिरवी असली तरी फोनवर काय होईल ते तिला माहीतच नसतं. नल आणि आकडे असलेल्या अ‍ॅरेची टेस्ट फोनवर किंवा एम्युलेटरवरच चालवा.

नवशिक्या२

समजलं. मी स्ट्रीमने एका ओळीत करायचा प्रयत्न केला, इंटस्ट्रीम.रेंज आणि मॅपटूऑब्ज. पण लॅम्डाच्या (तिथेच लिहिलेल्या छोट्या फंक्शनच्या) आत गेटस्ट्रिंग लिहिलं की कंपाइलच होत नाही.

बॅकएंडवाली

कारण अँड्रॉइडवरचं जेसनएक्सेप्शन चेक्ड आहे, म्हणजे ते हाताळलं नाही तर कंपायलर अडवतो, आणि मॅपटूऑब्जच्या लॅम्डाला चेक्ड एक्सेप्शन फेकता येत नाही. मूळ जारमध्ये ते रनटाइम एक्सेप्शन आहे, म्हणून नेटवरची उदाहरणं तिथे चालतात आणि तुमच्याकडे नाही. साधा लूपच ठेवा, वाचायलाही सोपा आहे.

स्ट्रीम वापरणाऱ्या इतरांसाठी: जावा १६ मधलं टूलिस्ट न बदलता येणारी लिस्ट देतं, पण तिच्यात नल चालतो. लिस्ट.ऑफ आणि लिस्ट.कॉपीऑफ यांना नल अजिबात चालत नाही, तिथेच नलपॉइंटर येईल.

आणि जॅक्सनच्या झाडावरून, म्हणजे जेसननोडवरून, लिस्ट करत असाल तर टूस्ट्रिंग करू नका. अवतरणचिन्हांसकट "\"११२/अ\"" असं काहीतरी मिळतं. जीसनच्या जेसनएलिमेंटचंही तसंच. त्यासाठी तिकडे अ‍ॅजटेक्स्ट आणि इकडे गेटअ‍ॅजस्ट्रिंग आहे. अ‍ॅजटेक्स्ट मात्र नल नोडला परत "नल" हा शब्दच देतं, पोळपाटदादांचा अनुभव तिथेही येईल. टेक्स्टव्हॅल्यू वापरलं तर स्ट्रिंग नसलेल्या प्रत्येक घटकाला खरा नल मिळतो.

शिवारातला (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. टाइपटोकनने आकडे सरळ झाले. नल गाळून टाकले. आता एकच उरलंय: काही सभासदांकडे एकच गट दोनदा येतोय. लिस्टऐवजी सेट (एक घटक एकदाच ठेवणारा संग्रह) करू का?

जुनी_चावडी

कर, पण हॅशसेट नको. त्यात क्रमाची हमी नसते. लिंक्डहॅशसेट घेतलास तर आलेल्या क्रमात राहतील आणि दुसऱ्यांदा आलेले गळतील.

मराठी_टंक

सेटचा विषय निघालाय म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गट क्रमांकात हे कमी येईल. गावांची नावं आली की हटकून येतं.

या दोन ओळी बघा: "कऱ्हाड" आणि "कर्‍हाड". पडद्यावर एकच दिसतात. पहिल्याची जावातली लेंग्थ ६ आहे, दुसऱ्याची ७. इक्वल्स विचारलं तर फॉल्स. सेटमध्ये घातले तर कऱ्हाड दोनदा बसतं आणि तुम्हाला वाटतं सेटच बिघडलाय.

पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, युनिकोडमध्ये यू+०९३१, आणि पुढे हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत, आणि मग यू+२००डी, म्हणजे न दिसणारं जोडणारं चिन्ह. जुन्या कीबोर्डांवरून आलेल्या डेटात दुसरा प्रकार सर्रास सापडतो. तिसराही एक आहे: साधा र, त्याच्याखाली नुक्ता, मग हलंत.

जावाचा नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारा क्लास) एनएफसी या युनिकोड रूपात वापरला तर तिसऱ्याचा पहिला होतो, कारण युनिकोड त्या दोघांना एकच मानतं. दुसऱ्याचा होत नाही. आणि इथे एक चूक अनेक जण करतात, न दिसणारं चिन्ह नुसतं पुसून टाकतात. पुसलं की "कर्हाड" होतं, र डोक्यावर जाऊन रफार बनतो, आणि आता तिसरंच गाव तयार झालं. पुसायचं नाही, बदलायचं: "साधा र, हलंत, यू+२००डी" या तिघांच्या जागी "ऱ, हलंत" ठेवायचं. मग नॉर्मलायझर. मग सेट. "ॲ" चंही हेच दुखणं आहे, एका अक्षराचा ॲ आणि अ वर चंद्र दिलेला अॅ यांना नॉर्मलायझर एक करत नाही. तुम्हालाच एक रूप ठरवावं लागतं.

गट क्रमांकातही एक गोष्ट तपासा. कुणी "११२" मराठी अंकांत आणि कुणी इंग्रजी अंकांत टंकलं असेल तर सेटच्या दृष्टीने ते दोन गट आहेत. गंमत म्हणजे इंटिजर.पार्सइंट मराठी अंक व्यवस्थित वाचतं, त्यामुळे आकडा करून तुलना करणाऱ्याला हे दिसतच नाही.

आणि फाइलमधून वाचत असाल तर एन्कोडिंग स्पष्ट यूटीएफ-८ द्या. २०२२ च्या जावा १८ पासून ते आपोआप झालंय. त्याआधीच्या जावात विंडोजवर मशीनचं स्वतःचं एन्कोडिंग लागायचं आणि मराठीची प्रश्नचिन्हं व्हायची.

बॅकएंडवाली

टंकदादा, हे जपून ठेवते.

शिवारातला, एक विचारू? तू नल गाळलेस, आता सेट करतोयस. सर्व्हरच्या उत्तरात गटांच्या शेजारी आणखी एखादा अ‍ॅरे आहे का? म्हणजे क्षेत्राचा वगैरे?

शिवारातला (धागाकर्ता)

हो ताई, आहे. त्याचाही तसाच लिस्ट<स्ट्रिंग> करणार आहे, फक्त तो जेसनअ‍ॅरेने वाचतोय.

गट: ["११२/अ", ४५, "४५/२", नल, ११२]
क्षेत्र: [०.४०, १.१२, ०.८५, ०.२०, २.०५]

बॅकएंडवाली

मग थांब. लगेच थांब.

या दोन अ‍ॅरेंचा संबंध फक्त क्रमाने आहे. चौथा गट आणि चौथं क्षेत्र, पाचवा गट आणि पाचवं क्षेत्र. गटांतून नल गाळलास की ११२ चौथ्या जागी सरकला. त्याचं २ हेक्टर ५ आर होतं, तुझ्या पडद्यावर ०.२० दिसेल, म्हणजे २० आर. पीक कर्ज क्षेत्रावर ठरतं. सेट केलास तरी तेच होणार: दुसऱ्यांदा आलेला गट गळला की त्याच्या मागचे सगळे एकेक जागा पुढे. आणि गट दोनदा येतोय तो चुकून नसेलच कदाचित, एकाच गटातले दोन तुकडे असतील. दोन्हींची क्षेत्रं वेगळी आहेत का ते बघ.

दुसरं, क्षेत्र जेसनअ‍ॅरेने वाचू नकोस. तिथे ०.४० आधी डबल होतो आणि गेटस्ट्रिंग तुला "०.४" देतं. सात-बाऱ्यात आपण हेक्टर-आर वाचतो. ०.४० म्हणजे ४० आर. नुसतं ०.४ पाहिलं की गावातला माणूस ४ आर वाचेल. जीसनच्या टाइपटोकनने लिस्ट<स्ट्रिंग> मागितलीस तर आकडा जसा लिहून आलाय तसाच, "०.४०", हातात येतो. जॅक्सनच्या टाइपरेफरन्सनेही येतो. जेसननोडवरून गेलास तर पुन्हा ०.४.

नलचं काय करायचं हे तू किंवा आम्ही ठरवायचं नाही. सचिवांना विचार, त्या जागी क्रमांक का नाही.

पाटावरचा_पोळपाट

बरोबर आहे. वर मी दिलेल्या लूपमध्येही नल गाळलाय, तो तुझ्या डेटाला चालणार नाही. इफच्या आत अ‍ॅड न करता, इजनल असेल तर गट.अ‍ॅड(नल) कर. नसेल तर पूर्वीसारखं गेटस्ट्रिंग. म्हणजे जागा शाबूत राहील. माझा आधीचा सल्ला एकट्या अ‍ॅरेसाठी होता, हे लिहायला हवं होतं.

शिवारातला (धागाकर्ता)

आज सचिवांकडे जाऊन आलो. नल असलेल्या नोंदी म्हणजे ज्यांची वाटणी झालीय पण फेरफार अजून मंजूर नाही. क्षेत्र ठरलंय, पोटहिस्स्याचा नवा क्रमांक पडायचाय. मी त्या गाळल्या होत्या. सचिव म्हणाले, "अरे, हेच लोक तर रोज विचारायला येतात."

दोनदा येणारा गटही ताई म्हणाल्या तसाच निघाला. एकाच गटात दोन ठिकाणी तुकडे, क्षेत्रं वेगळी. सेट काढून टाकला.

सर्व्हर लिहिणाऱ्यांशी बोललो. त्यांनी दोन अ‍ॅरेंऐवजी एकच अ‍ॅरे द्यायचं मान्य केलं. प्रत्येक घटक एक ऑब्जेक्ट, त्यात गट आणि क्षेत्र दोन्ही अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग. आता मी नोंद[].क्लास मागतो आणि जिथे फक्त गटांची यादी लागते तिथे लूप फिरवून लिस्ट<स्ट्रिंग> करतो. गट नल असेल तिथे पडद्यावर "फेरफार प्रलंबित" दिसतं.

टंकदादांनी सांगितलेला बदल गावांच्या यादीला लावला. शिवारं आमच्याच तालुक्यातली असून तीन नावं दुहेरी होती.

संध्याकाळी सचिवांसोबत बसून दप्तराशी अकरा सभासद ताडून पाहिले. ते सात-बारा मोठ्याने वाचत होते, मी पडद्यावर बोट ठेवत होतो. ११२/अ ला ते म्हणाले "शून्य चाळीस", पडद्यावर ०.४० होतं. उद्या उरलेले सभासद घेऊन पुन्हा बसणार आहे.